चूल सोडून बाकी घर

ठमाबाईच्या हातचं ज्यानं खाल्लं नाही असा कामगार महाडच्या एमआयडीसीत त्या काळी शोधावा लागला असता. वसाहतीच्या रस्त्याला, टायर पंक्चरच्या दुकानामागे तिची खानावळ होती. पाटी नव्हती, टेबलं नव्हती. चार लांब बाकडी, वर पत्रा आणि दारात चपलांचा ढीग. दुपारी चाळीस माणसं, रात्री तीस. बिहारचा पोरगा असो की बार्शीचा फिटर, ताटात भात टाकून उठला की ठमाबाईचा पट्टा सुरू व्हायचा. "टाकायचा व्हता तर घेतलास कशाला रे? आयशीनं हेच शिकवलं काय तुला?" पोरं निमूट खाली बसायची, भात संपवायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथंच यायची. कोणी तापानं फणफणला असला तर त्याच्यापुढं न मागता मऊ भात आणि मेतकूट यायचं, आणि त्याचे पैसे विचारले तर ती अंगावर खेकसायची.

अशा या बाईच्या घरचं पाणी एका माणसानं पंचवीस वर्षांत तोंडाला लावलं नव्हतं. तो माणूस तिचा बाप होता.

मालोजी पोलादपूरकडचा. आंबेनळी घाटाच्या रस्त्याला खडपाची वाडी आहे, तिथं त्याचं घर. थोडी भातशेती, डोंगरउताराच्या वरकस जमिनीवर नाचणी, दोन म्हशी. माणूस हाडाचा प्रेमळ, पण रिवाजाच्या बाबतीत कातळासारखा. लेकीला मूल झाल्याशिवाय तिच्या घरी अन्नपाणी घ्यायचं नाही, हा आपल्याकडचा जुना नेम. बहुतेक घरांत तो वर्षा-दोन वर्षांत आपसूक सुटतो. आजोबा बारशाला जातात, लाडू हाणतात, प्रश्न मिटतो. ठमाबाईला मूल झालं नाही. मुंबईचे डॉक्टर झाले, नवस झाले, कोणाकोणाचे अंगारे झाले. मग एक दिवस तिनं आणि तिच्या नवऱ्यानं, रावजीनं, तो विषय गुंडाळून ठेवला. नेम मात्र तसाच राहिला, घशात अडकलेल्या काट्यासारखा.

मालोजी बाजाराला महाडला आला की खानावळीच्या पायरीवर येऊन बसायचा. सोबत वाडीवरून भरून आणलेला पितळी तांब्या. आत माणसं जेवायची आणि हा बाहेरून हुकूम सोडायचा. "ठमे, त्यो कोपऱ्यातला लाजतंय गो. वाढ त्याला." सगळी पंगत उठली की स्वतः उठायचा आणि एसटी स्टँडवर जाऊन वडापाव खायचा. लेकीची खानावळ सोडून स्टँडवर वडापाव खाणारा बाप म्हणून लोक हसायचे. ठमाबाईला हसू येत नसे. चाळीस ताटं वाढताना तिचा एक डोळा त्या पायरीवर असायचा, आणि वडापावचा तेलकट कागद हातात घेऊन तो एसटीत चढला की त्या दिवशी आमटीत मीठ हमखास जास्त पडायचं.

तिची आई एकदाच, कोणी बघत नाही असं बघून, अर्धा कप चहा प्यायली होती. "बापसाला बोलू नको," एवढंच म्हणाली होती. तो कप ठमाबाईनं पुढं कोणाला दिला नाही. बाकी कपांच्या मागं, फळीवर पालथा घालून ठेवला.

माहेरी मात्र सगळं सुरळीत होतं. मालोजीचं गणित सरळ होतं. चूल माझी, तांदूळ माझा, विहिरीचं पाणी माझ्या हंड्यातलं. मग रांधणारी लेक असली म्हणून काय झालं, जेवण माझंच. आई गेल्यावर ठमाबाई दर रविवारी खानावळ बंद ठेवून सकाळच्या एसटीनं वाडीवर जायची, बापाला कुळथाची पिठी आणि भात करून घालायची आणि तो जेवताना समोर बसून राहायची. आठवड्यात तिला तेवढंच हवं असायचं.

दोन हजार एक साली तिचा धाकटा भाऊ मुरारी मुंबईहून वाडीवर आला, तो एकदम ठरवूनच. नालासोपाऱ्याला खोली बघितली होती, बिल्डर थांबायला तयार नव्हता.

"ताय, पार्टी रेडी हाय," तो ओटीवर बसून म्हणाला. "अंधेरीचा माणूस. घर पाडून बंगला बांधणार. घाटाचा व्ह्यू पायजे त्याला. कॅश देतो."

"आणि आबा?"

"आबा माझ्याकडं. दोन रूमचा फ्लॅट हाय, कोन उघड्यावर ठेवतंय त्यांना?"

मुरारी वाईट नव्हता. पंधरा वर्षं भाड्याच्या खोल्या बदलून बदलून तो आणि त्याची बायको पार पिचली होती, आणि त्याच्या पोराला, हर्षदला, अभ्यासाला कोपरा नव्हता. घर मालोजीनं स्वतः बांधलेलं, त्याच्याच नावावर. मालोजीला पोराला नाही म्हणवेना आणि हो म्हणवेना. "तुमी म्हणाल तसं," एवढंच बोलला आणि म्हशींना वैरण घालायच्या निमित्तानं उठून गेला. वैरण तो तासाभरापूर्वीच घालून आला होता.

ठमाबाईनं बापाची पाठ बघितली आणि म्हणाली, "मी घेते."

"काय?"

"घर. त्यो अंधेरीवाला देतंय तेवढेच देते. घरातल्या घरात म्हणून एक रुपया कमी नको आणि एक उपकार नको. आबा हितंच राहतील."

 रावजी रात्री म्हणाला, "सगळी पुंजी जाईल बग." ती म्हणाली, "कोनासाठी ठेवायची?"  सकाळी उठून रावजीच पहिला बँकेत गेला.

पोलादपुरात जुल्फिकारभाई म्हणून दस्तलेखक होते. चष्मा नाकाच्या टोकावर, अक्षर मोत्यासारखं, बोलणं पुस्तकी. त्यांनी कागद केला, चतुःसीमा लिहिल्या, कचेरीत मालोजीचा अंगठा झाला, मुरारीची संमतीची सही झाली. मुरारी कागदावर सही करून बहिणीच्या पाया पडला आणि ढसाढसा रडला. मग पैसे घेऊन मुंबईच्या गाडीत बसला. सगळं कसं गोडीगुलाबीनं झालं. भावंडांत घराचा व्यवहार असा होतो यावर कचेरीच्या शिपायाचाही विश्वास बसेना.

ठमाबाईनं त्या दिवसासाठी पुरणाची डाळ आदल्या रात्रीच भिजत घातली होती. घरी आल्याबरोबर तिनं चूल पेटवली. दोन तासांनी तुपाचा वास अंगणभर सुटला तेव्हा तिनं पान मांडून हाक मारली.

"आबा, चला."

मालोजी अंगणातल्या दगडावर बसला होता. हलेना.

"भूक नाय गो."

"सकाळपासून पोटात काय नाय तुमच्या. पाणी तरी प्या."

 शेजारच्या घराकडं तोंड करून मालोजीनं हाळी दिली, "ए धोंडू! तांब्याभर पाणी आण रे."

धोंडू म्हणजे त्याचा बालपणापासूनचा शेजारी. त्यानं पाणी आणलं. मालोजी ते घटाघटा प्यायला. ठमाबाई हातात उलथणं घेऊन दारात उभी होती. पोळी तव्यावर करपली तरी तिच्या ध्यानात येईना, कारण दुसरंच काहीतरी तिच्या ध्यानात आलं होतं. घर आता तिचं होतं. चूल तिची होती. बापानं आपल्या घरात राहावं म्हणून तिनं जन्माची पुंजी ओतली होती, आणि सकाळी अकरा वाजता कचेरीत अंगठा उठला त्या क्षणी तिनं बापाला त्याच्याच घरात उपाशी ठेवलं होतं. एवढी कागदपत्रं झाली, चौघांची डोकी लागली, पण हे कोणाच्या मनात आलं नाही. अंधेरीवाल्यानं घेतलं असतं तर म्हातारा निदान त्याच्याकडं चहा तरी प्यायला असता!

"आबा, तुमी राहावं म्हणून घेतलं मी घर!"

"राहतोय की. निजायला हरकत नाय. फकस्त जेवायचं नाय."

"मग जेवायचं कुठं?"

"धोंडूकडं."

तीन दिवस मालोजी धोंडूकडं जेवला. ठमाबाई हटून वाडीवरच राहिली. बापासमोर रोज ताट वाढायची आणि रोज ते झाकून ठेवायची. तिकडे महाडात खानावळ रावजीच्या हाती. त्यानं पहिल्या दिवशी भात करपवला, दुसऱ्या दिवशी आमटीत हळद दोनदा घातली, आणि तिसऱ्या दिवशी बार्शीच्या फिटरनं स्वतः कंबर कसून पिठलं केलं. चौथ्या दिवशी धोंडूची बायको, तशी गरीब गाय, पण हंडा घासता घासता मोठ्यानं म्हणाली, "माणूस आमाला जड नाय गो. पण लेक घरात बसलीय ताट वाढून, आणि बापूस आमच्या दारात. गाव काय म्हणंल?"

मालोजीनं ते ऐकलं. त्या दिवशी तो कोणाकडंच जेवला नाही.

मग ठमाबाई रडली. भांडणारी बाई रडली की माणसं घाबरतात, तसा मालोजी घाबरला. ती म्हणाली, "माझ्या पोटी पोर नाय, हा माझा गुन्हा हाय काय? पंचवीस वर्सं मी लोकांची पोरं जेवू घातली. माझा बापूस तेवढा उपाशी."

 मालोजीनं तिच्या डोक्यावर हात ठेवला. "तुझा कसला गुन्हा गो. नेम माज्या बापसाचा. त्यानं पाळला, मी पाळला. आता ह्या वयात मोडला तर वर जाऊन त्याला काय तोंड दाखवू?"

दुसऱ्या दिवशी दोघं पुन्हा जुल्फिकारभाईंच्या टेबलापुढं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, हसले नाहीत, चष्मा पुसला आणि पंचायतीचा उतारा पुढं ओढला.

"मागचं स्वयंपाकघर नंतर बांधलेलं दिसतंय. त्याला नंबर वेगळा आहे."

होतंच तसं. पहिली चूल माजघरात होती, धुरानं आईचे डोळे चुरचुरायचे. तिनं हट्ट धरून मागं स्वतंत्र खोली बांधून घेतली होती, त्याला आता तीस वर्षं झाली.

"तेवढी खोली तुम्ही वडिलांना बक्षीसपत्रानं परत द्या. चूल त्यांची, घर तुमचं."

"लेकीचं फुकट घेऊ?" मालोजी खुर्चीवरून उठलाच. "पाणी पीत नाय तिचं, आणि खोली घेऊ? इकत घेईन."

त्यानं कमरेची पिशवी सोडली. तिच्यात त्यानं स्वतःच्या दिवसकार्यासाठी बाजूला टाकलेले पैसे होते. आपल्या मागं पोरांवर भार नको म्हणून म्हशीच्या दुधातून जमवलेले.

"बोल, काय घेशील?"

"एक रुपया," ठमाबाई म्हणाली.

"माज्या चुलीची किंमत एक रुपया? तुझ्या आयशीनं धा वर्सं भांडून बांधून घेतली ती! पाच हजार."

"पन्नास रुपये. वर नाय."

"चार हजार. खाली बोलू नको, सांगून ठेवतो."

घेणारा चढतोय आणि विकणारी उतरतेय, असा सौदा जुल्फिकारभाईंनी आयुष्यात बघितला नव्हता. कचेरीतली चार माणसं काम सोडून दारात येऊन उभी राहिली. शेवटी जुल्फिकारभाईंनीच टेबलावर हात आपटला आणि अकराशे एक ठरवले. मग गंभीर होऊन म्हणाले, "बाई, एक गोष्ट लक्षात घ्या. उद्या वडिलांच्या मागे या खोलीला वारस म्हणून तुमच्या भावाचंही नाव लागेल."

"लागू दे," ठमाबाई म्हणाली. "त्यालापण माहेर असू दे जरा."

मालोजी पैसे मोजून देताना म्हणाला, "ह्ये माज्या दिवसाचे व्हते. आता माजं दिवसकार्य तुझ्यावर."

"मग जरा उशिरा जावा. जमवायला टाइम लागंल मला."

परत येताना एसटीत तो खिडकीतून बाहेर बघत होता. एकदम म्हणाला, "बरं झालं गो. सगळं घर तुझं झालं असतं, तर रविवारी तू कुठं आली असतीस? आपल्याच घरी कोन माहेरपणाला येतं?"

त्या संध्याकाळी मालोजीनं आपल्या मालकीच्या चुलीपुढं बसून चार पुरणपोळ्या खाल्ल्या.

तेव्हापासून घराचे दोन भाग झाले. माजघर, ओटी, पडवी ठमाबाईची. उंबरठ्यापलीकडचं स्वयंपाकघर मालोजीचं. निजायचा माजघरात, पण तहान लागली की रात्री-बेरात्री उठून उंबरठा ओलांडून आपल्या हंड्यातलं पाणी पिऊन यायचा. पानतंबाखूबद्दल त्यानं बराच विचार केला आणि ते अन्नात धरायचं नाही असा निवाडा स्वतःच दिला. धोंडू मुद्दाम ओटीवर बसून चहा मागवायचा आणि म्हणायचा, "मालोजी, मी तुझ्या लेकीच्या घरी पितोय बग!" मालोजी मागच्या खोलीतून कप उंचावून दाखवायचा. ठमाबाई पहिल्यासारखी रविवारी यायची, रांधायची, चुलीशी बसून बापाला वाढायची. तिला हवं ते मिळालं होतं. अगदी सगळं मिळालं होतं असं नाही. पण ती पुन्हा बोलली नाही. म्हाताऱ्याला एकदा घाबरलेला बघितला होता, तेवढं पुरे होतं.

वर्ष सरलं. पुढच्या मार्गशीर्षात ठमाबाईला हिवतापानं गाठलं. आठवडाभर ती अंगात ताप घेऊन ताटं वाढत होती. आणि रविवारी, रावजी नको नको म्हणत असताना, वाडीची एसटी पकडून आली. आल्या आल्या पदर खोचला. मालोजीनं तिच्या हातातली परात काढून घेतली.

"जरा पड."

"तांदूळ तरी धुते."

"पड म्हणतो ना गो!"

ती माजघरात सतरंजी टाकून पडली आणि पडल्या पडल्या झोपली. जागी झाली तेव्हा ऊन परसात उतरलं होतं. दुपार टळून गेली होती. ती धडपडत उठली. एकदम आठवलं, बापूस उपाशी असेल.

"आबा, जेवलात काय?"

"नाय. तू?"

"मी काय, मी नेहमीच मागून. चार वाजतात मला. पंगती उठल्या, भांडी झाली, की बसते."

"संगती कोन असतं?"

"कोन असणार? मी आणि उरलेली आमटी."

मालोजी उंबरठ्यापलीकडं उभा होता, आपल्या बाजूला. त्यानं तिच्याकडं नीट बघितलं. कानशिलावरचे केस पांढरे झालेले, तापानं डोळे आत गेलेले. पंचवीस वर्षं तो त्या पायरीवर बसून तिनं चाळीस माणसांना वाढलेलं बघत होता, आणि शेवटची पंगत उठली की उठून जात होता. ती कधी जेवते, कोणाबरोबर जेवते, हे त्यानं एकदाही बघितलं नव्हतं.

तो वळून आत गेला. ठमाबाईला वाटलं, पान मांडतोय. ती भिंतीला धरून उठायला लागली.

"बस तिथंच," आतून आवाज आला.

मालोजी बाहेर आला तेव्हा त्याच्या एका हातात एक ताट होतं आणि दुसऱ्या हातात दुसरं. मऊ भात, कुळथाची पिठी, भाजलेला पापड. उंबरठ्याशी तो क्षणभर थांबला. मग धोतराचा सोगा सावरून, खाली बघत, त्यानं पाय उचलला आणि माजघरात आला. एक ताट तिच्यापुढं ठेवलं. दुसरं स्वतःपुढं घेऊन तिच्या सतरंजीवर मांडी घालून बसला.

ठमाबाई सावरून बसली. "आबा, ह्ये माजघर हाय."

"म्हाईत हाय. मीच बांधलंय."

"आबा, माजं घर हाय ह्ये."

"म्हाईत हाय गो." त्यानं भातात पिठी कालवली. "तुझ्याकडच्या नातवाची वाट बगत व्हतो. पंचवीस वर्सं बगितली." त्यानं घास उचलला. "आता भूक लागली."

आणि तो जेवायला लागला. ठमाबाईला समोरचं ताट दिसेना. तिनं पदरानं डोळे पुसले, पुन्हा भरले, पुन्हा पुसले. पिठीत मीठ नव्हतंच. खानावळीत कोणी असं वाढलं असतं तर तिनं त्याला उभा सोलला असता. तिनं मुकाट्यानं सगळी खाल्ली.

अर्धं जेवण झाल्यावर मालोजीला ठसका लागला. पाणी आत राहिलं होतं, त्याच्या हंड्यात. तो उठायला लागला तशी ठमाबाईनं आपली पिशवी जवळ ओढली. एसटीत पिण्यासाठी तिनं महाडहून, आपल्या घरच्या पिंपातून, बाटली भरून आणली होती. तिनं झाकण उघडून ती पुढं केली.

मालोजीनं बाटली हातात घेतली, तिच्याकडं बघितलं आणि तोंड वर करून अर्धी बाटली संपवली.

"गोड हाय गो तुझं पाणी," तो म्हणाला. "बाजाराला आलो की खानावळीत पान मांड माजं. चार वाजता."